मेंबरचा अंगठा

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळ

गुऱ्हाळ चालू झालं. पहिलं आधण जरा करपलं, पण दुसऱ्याला रंग चांगला आला. रस उकळायच्या काहिलीजवळ चप्पल घालून जायचं नाही हा आमच्याकडचा नियम, मालकालाही लागू. त्यामुळं दुपारभर अनवाणी उभा होतो. उसाच्या चिपाडाचं टोक डाव्या पायाच्या अंगठ्यात कधी घुसलं ते कळलंच नाही.

घरी आल्यावर बायको, सुलक्षणा, विचारायला लागली, फरशीवर रक्ताचे ठिपके कुणाचे. दारापासून देवघरापर्यंत होते. मी म्हटलं मांजराचे असतील. मग तिनं माझाच पाय धरून वर केला.

एवढं खोल टोचलं आणि दुखलं अजिबात नाही. सहनशक्ती आमच्या घराण्यात पहिल्यापासून आहे. हळद भरली. विषय संपला.

संकल्प: उद्यापासून पहाटे चालायचं. रात्रीच्या जेवणावरचा गुळाचा खडा बंद. निदान लहान.

५ नोव्हेंबर

चाललो नाही. गुऱ्हाळावर माणसं कमी, मालकाला हजर राहावं लागतं.

अंगठा थोडा सुजलाय. सुलक्षणा म्हणते दवाखान्यात दाखवा, तुम्हाला शुगर आहे. शुगर नाही, बॉर्डरवर आहे. मागच्या वर्षी एका कॅम्पात तपासलं तेव्हाच मी त्या टेक्निशियनला सांगितलं होतं की आपण घरचा गूळ खातो, बिगर केमिकलचा, त्यानं शुगर होत नसते. तो काही बोलला नाही, म्हणजे त्याला पटलं असणार.

तरी दाखवून घेऊ. दवाखाना आपलाच आहे. गावच्या आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर मी दुसऱ्यांदा मेंबर आहे. आता तर लोक नावानं हाकच मारत नाहीत, मेंबरच म्हणतात. समितीच्या निधीतून प्रवेशद्वाराला कमान झाली ती माझ्याच सूचनेवरून. लांबून दिसते. पाच मिनिटांचं काम आहे.

६ नोव्हेंबर

करुणा सिस्टरला फोन केला. म्हणाली सकाळी या, केस पेपर काढा, मॅडम असल्या की लगेच बघतील. चांगली मुलगी आहे, पण तिला पद्धत माहीत नाही. मी समजावलं की मेंबरच लायनीत उभा राहिला तर लोकांचा समितीवरचा विश्वास उडतो. उद्या येतोय, मॅडमना तसा निरोप द्या, एवढं सांगून ठेवलं. ओळख असताना ती वापरायची नाही हा शुद्ध गाढवपणा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गेलो. निरोपाचा असर झाला होता. फरशी पुसलेली, फिनेलचा वास, दारात रांगोळी. ड्रेसिंगची खोली धुऊन पुसून तिला कुलूप लावलं होतं, मी येईपर्यंत परत घाण व्हायला नको म्हणून. प्राची मॅडम, म्हणजे इथल्या डॉक्टर, आमच्या मुलीच्या, सायलीच्या वयाच्या असतील, ओपीडी थांबवून बाहेर आल्या. बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. ज्यांना उठता येत होतं ते.

खुर्ची, चहा, बिस्किटं. मॅडमनी अडचणी मांडल्या. एका डॉक्टरकडं दोन केंद्रं. सोमवार आणि गुरुवार त्या दुसऱ्या गावात. मंगळवारी दौंडला मीटिंग, बुधवारी लसीकरण, शनिवारी कधी ट्रेनिंग, कधी ऑनलाइन माहिती भरणं. धड असा शुक्रवारच मिळतो. गॉज आणि बँडेज संपत आलंय, मागणी दोनदा पाठवली. मी सगळं ऐकून घेतलं आणि वरच्यांच्या कानावर घालतो म्हणून सांगितलं. मग व्हिजिट बुक पुढं आलं. कामकाज समाधानकारक, असा शेरा मारून सही केली.

अंगठा दाखवायचा राहून गेला. हातात चहाचा कप, समोर सगळा गाव, त्यात बूट कुठं काढत बसायचा.

बाकावर मेहमूदभाई होता, खुटबावचा वेल्डर. आपल्या काहिलीचा कान त्यानंच जोडून दिलाय. हात भाजून आला होता. म्हटलं, आता मी आत बोललोय, तुझा नंबर लवकर लागेल. तो म्हणाला, "मेंबर, तुमी आलात म्हनून तर लाईन थांबलीय." त्याला थट्टा करायची सवय आहे.

१० नोव्हेंबर

सोमवार. मॅडम नाहीत. दगडी पाला ठेचून बांधला. मंगळवारी त्या दौंडला असणार. बुधवारी लसीकरण, लेकुरवाळ्या बायकांत मी पाय पुढं करून बसलो तर बरं दिसणार नाही. शुक्रवार ठरला.

दुखत नाही. दुखत नाही म्हणजे आतून भरून येतंय. अंगठ्याच्या टोकाला थोडं पाणी धरलंय, ते आपोआप आटेल.

पहाटेचं चालणं पाय पूर्ण बरा झाल्यावर. व्यायामात घाई केली की अपाय होतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जागतिक मधुमेह दिन. नेमका आजच केंद्रात शिबिराचा घाट घातला, आणि उद्घाटक मी. पाय बुटात जाईना म्हणून मोजा घालून वर सँडल. सुलक्षणा म्हणाली लोक हसतील. लोकांचं लक्ष पायाकडं नसतं, माईककडं असतं.

भाषण झकास झालं. पायाची काळजी घ्या, मधुमेहात छोटी जखमसुद्धा अंगावर काढू नका, वेळेत दाखवा, असं मुद्देसूद बोललो. मॅडमनी कागदावर मुद्दे लिहून दिले होते. पुढं मी माझ्या मनाचं घातलं. म्हटलं, माझ्या घरातला माणूस खासगी दवाखान्याची पायरी चढणार नाही. आपल्या केंद्रातून एकाही पेशंटला किरकोळ दुखण्यासाठी बाहेर जावं लागत नाही, आणि लागलं तर मी त्या दिवशी राजीनामा देईन. टाळ्या पडल्या. पप्पूनं सगळं भाषण मोबाईलवर घेतलं. पप्पूचं भांडगावात मोबाईलचं दुकान. मागच्या वेळी समितीवर यायला त्यानं बरीच धडपड केली होती. आता 'जागता गाव' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतो आणि माझ्यावर टपून असतो. त्यानं भाषण ग्रुपवर टाकलं, खाली हात जोडल्याचं चित्र. शेवटी विरोधकालाही मानावं लागतं.

सिस्टर म्हणाली पहिली तपासणी मेंबरची करू, फोटो होईल. बोट पुढं केलं. फोटो झाला, बोट मागं घेतलं. शुगरच्या पट्ट्या मोजक्याच आल्या होत्या. गोरगरिबांची पट्टी आपण कशाला वाया घालवायची. मॅडम मध्येच माझ्या मोज्याकडं बघून काहीतरी विचारणार होत्या, पण तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं. नंतर त्या पेशंटांच्या गराड्यात सापडल्या.

मेहमूदचा हात जवळजवळ बरा झालाय. रोज येऊन लायनीत बसायचा म्हणे. त्याला वेळ असतो.

१८ नोव्हेंबर

घरात कुठंतरी उंदीर मेलाय. कालपासून वास येतोय. सुलक्षणानं कपाट ओढून बघितलं, माळा झाडला, धान्याच्या कोठ्या हलवल्या. काही सापडलं नाही. मी पुढच्या खोलीत बसलो की पुढच्या खोलीत वास, मधल्या खोलीत गेलो की तिकडं. म्हणजे एकापेक्षा जास्त उंदीर असणार. औषध आणून ठेवायला सांगितलंय.

मोरीत काळे मुंगळे लागलेत. गुळाचं घर म्हटल्यावर लागणारच.

अंगठा जांभळा झालाय. मार लागल्यावर होतो तसा. कुठं आपटला असेल.

१९ नोव्हेंबर

सुलक्षणानं उंदीर शोधायचं बंद केलं. काल रात्री जेवताना ती ताट घेऊन जरा लांब बसली. सकाळी म्हणाली, मी येते तुमच्याबरोबर, लायनीत मी बसते, तुम्ही गाडीत थांबा. मेंबरच्या बायकोनं लायनीत बसायचं, म्हणजे मी बसल्यासारखंच झालं. शुक्रवारी मॅडम आहेत, एवढी काय घाई. ती पदर तोंडाला लावून आत गेली. हल्ली तिचा स्वभाव चिडका झालाय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

या वेळी पक्का प्लॅन होता. निरोप द्यायचा नाही. चहा नाही, खुर्ची नाही. गाडी मागच्या बाजूला लावून थेट ड्रेसिंगच्या खोलीत जायचं.

तसाच गेलो. खोली उघडी होती. करुणा सिस्टर एका म्हातारीच्या गुडघ्याला पट्टी बांधत होती, तीही जुन्या धुतलेल्या कापडाची. गॉज संपलाय म्हणाली. हिचं झालं की तुमचं बघते, मोजा काढून ठेवा, मॅडमना हाक मारते. मी वाकून मोजा अर्धा काढला. तेवढ्यात खिडकीतून पप्पू दिसला. आईला घेऊन आला होता, पण मोबाईल हातात. मला बघून लांबूनच म्हणाला, "काय मेंबर, आज पेशंट म्हनून का काय?"

मोजा वर ओढला. त्याला सांगितलं, ड्रेसिंग रूमची अचानक पाहणी करतोय. मग पाहणी करावीच लागली. नळ, टाकी, जनरेटर, सगळं बघत मागच्या दारानं बाहेर पडलो. सिस्टर मागं हाका मारत होती. फोटो निघाला असता तर उद्या सगळ्या तालुक्यात गेला असता. प्रसंगावधान राखलं म्हणून निभावलं.

चालताना सँडलमध्ये ओलं लागत होतं. घरी येऊन मोजा मीच धुतला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी करुणा सिस्टर घरी आली. वस्तीवर सर्व्हे आहे म्हणाली, पण हातात सर्व्हेचं काही नव्हतं. सुलक्षणानंच बोलावलं असणार. मला काही सुचायच्या आत सुलक्षणानं पाय पाटावर ठेवून मोजा काढला.

सिस्टर पाटाजवळ खाली बसली. अंगठ्याला बोट लावून विचारलं, कळतंय का. मला वाटलं अजून लावायचंच आहे. म्हटलं लाव की. तिनं लावलेलंच होतं.

मग म्हणाली, "मेंबर, हा रंग चांगला न्हाई. आमच्याकडं ह्याला आता काहीच न्हाई. आज निघा. उद्या नगं."

मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. लिहिताना दोन कागद खराब केले. अशा घाबरट मुलींना नोकरीला घेऊ नये खरं तर, पण तिचं मन चांगलं आहे. चिठ्ठी खिशात ठेवली. गेलो असतो, पण विचार केला. शिबिरात काय बोललो ते सगळ्या गावाच्या मोबाईलमध्ये आहे. दहा दिवसांत मीच बाहेर गेलो तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. केंद्राचीही बदनामी. एका अंगठ्यासाठी संस्था पणाला लावायची नसते.

सुलक्षणा रात्री जेवली नाही.

२५ नोव्हेंबर

मार्ग सापडला. शिरूर. मधे भीमा आहे, तालुका वेगळा, मला ओळखणारं कुणी नाही. तिथल्या सरकारी दवाखान्यात साध्या माणसासारखं जायचं, केस पेपर काढायचा, लायनीत उभं राहायचं. पप्पूला पत्ता लागणार नाही आणि शब्दही मोडणार नाही, कारण सरकारी ते सरकारी. गावात सांगायचं, मार्केट यार्डात गुळाचा भाव बघायला चाललोय. सुलक्षणा ऐकून रडली आणि हो म्हणाली. बुधवारी आधणाचं काम आहे. गुरुवारी नक्की.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शिरूरला जाऊन आलो. न्हावऱ्यावरून रस्ता चांगला झालाय.

लायनीत उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा. वाटलं होतं तेवढं वाईट नसतं. पुढं एक ऊसतोडीवाला होता, मागं कडेवर पोर घेऊन एक बाई. त्या बाईनं नाकाला पदर लावला आणि माझ्या पायाकडं बघून म्हणाली, बाबा, तुमी पुढं व्हा. पुढचेही सरकले. कुणी ओळखीचं नसताना लोक एवढे चांगले वागतात हे मला माहीत नव्हतं. माझा नंबर जवळ आला होता. दोन माणसं राहिली होती फक्त.

तेवढ्यात सत्यजीत. माझा मेहुणा, शिरूरला आडत आहे त्याची. सुलक्षणानं त्याला सांगितलं नव्हतं. तो त्याच्या हमालाला औषध घ्यायला आला होता. मला बघून ओरडलाच, "दाजी, तुमी लाईनीत? माझ्या गावात?" हाताला धरून बाहेर काढलं. मी नको नको म्हणत होतो. पण तो एवढ्या मोठ्यानं दाजी दाजी करत होता की सगळे वळून बघायला लागले, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. म्हणाला, इथले एक साहेब आपल्या खास ओळखीतले आहेत, स्पेशल बघतील, चार वाजेपर्यंत येतात. तोवर जेवू.

सुलक्षणा म्हणाली, नंबर आलाय, आधी दाखवून घेऊ. सत्यजीत म्हणाला, ताई, माझी काही इज्जत हाय का न्हाई. त्यावर आम्ही काय बोलणार.

मटण चांगलं होतं. साहेब रजेवर आहेत असं निघालं. आम्ही परत गेलो तोवर ओपीडी संपली होती. शिपाई म्हणाला सकाळी होतात ना तुम्ही, का गेलात. सत्यजीतनं मेडिकलमधून गोळ्यांची दोन पाकिटं घेऊन दिली, भारीतल्या. येताना पारगावच्या पुलावर सुलक्षणा काच खाली करून बसली होती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

हक्काचा शुक्रवार. स्वतः फोन केला. मॅडम ट्रेनिंगला, सोमवारी परत येतील, त्याही दुसऱ्या गावाला. सिस्टरनं विचारलं, तुम्ही अजून गेला नाहीत का. मी म्हटलं शिरूरला दाखवलं. खोटं नाही. दाखवायला गेलोच होतो.

काळा रंग तळव्याकडं उतरलाय. शेजारच्या दोन बोटांनाही. रक्त गोठलं की दिसतं तसं.

३० नोव्हेंबर

थंडी वाजते. सगळे म्हणतात यंदा थंडी जास्त आहे. सुलक्षणा म्हणते कुणीच तसं म्हणत नाही. अंगावर दोन गोधड्या, तरी दात वाजतात. नडगीवर लाल रेघ आल्यासारखी दिसते, गुडघ्याकडं जाते. गोधडीचा वळ असेल.

भीती वाटत नाही. भीती वाटत नाही असं दोनदा लिहावं लागलं, पहिल्यांदा अक्षर नीट आलं नव्हतं.

संकल्प: उद्या मॅडम दुसऱ्या गावात असतील, तिथंच जायचं; काहीही होवो, पप्पू असो नाहीतर पत्रकार असो, मोजा काढायचा.

१ डिसेंबर, सोमवार

मोजा काढावा लागला नाही. मॅडमच घरी आल्या. सोमवार त्यांचा दुसऱ्या गावाचा, पण सिस्टरनं सांगितल्यावर तिकडची ओपीडी टाकून आल्या. तिकडचे पेशंट बसून राहिले असतील.

त्यांनी गुडघ्यापर्यंत पाय दाबून बघितला. चेहरा एकदम मोठ्या बाईसारखा झाला. म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यात आला असतात तर इथंच बरं झालं असतं. साधं ड्रेसिंग होतं हो."

मी म्हटलं, "आलो होतो की मॅडम."

आलोच होतो. चहा घेतला, सही केली. त्यांनीच कप हातात दिला होता. सुलक्षणा दाराच्या चौकटीला धरून आमच्याकडं आळीपाळीनं बघत होती.

केंद्राची गाडी मागितली. ड्रायव्हरचं कंत्राट दिवाळीत संपलंय, गाडी शेडमध्ये उभी, बॅटरी उतरलेली. उद्घाटनाला नारळ मीच फोडला होता, गाडी चांगली आहे. शेवटी आमची बोलेरो काढली. चालवायला मेहमूद आला. त्याच्या हातावर नवी गुलाबी कातडी आलीय, स्टेअरिंगवर दिसत होती. वाटेत त्यानं गाडी एकदाही थांबवली नाही, आणि थट्टाही केली नाही.

गावाच्या चौकात पप्पू उभा होता. मोबाईल खिशातच ठेवला त्यानं. मला ते मुळीच आवडलं नाही.

२ डिसेंबर

पुणे. मोठं सरकारी हॉस्पिटल. केस पेपर सुलक्षणानं काढला. लायनीत लगेच बघितलं, उगाच लोक नावं ठेवतात. शुगर एवढी निघाली की त्या पोरगेल्या डॉक्टरनं दोनदा तपासली. मी म्हटलं मशीन बिघडलं असेल.

ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. आमदारांच्या पीएनं बघतो म्हटलं. सभापतींचा फोन बंद. समितीच्या अध्यक्षांनी काळजी घ्या म्हणून आधी ठेवला आणि मग पुन्हा करून विचारलं की आमच्या केंद्राचं नाव केस पेपरवर कुठं आलं नाही ना.

वॉर्डबॉयला सांगितलं मी मेंबर आहे. तो म्हणाला, बाबा, पाय सरळ ठेवा.

३ डिसेंबर. सकाळ

अंगठा काढावा लागेल असा माझा अंदाज. मनाची तयारी केलीय. अंगठ्यावाचून माणसाचं फारसं अडत नाही, चप्पल जरा घट्ट घ्यावी लागेल इतकंच. गुऱ्हाळाचा उरलेला सीझन खुर्चीत बसून बघता येईल. एप्रिलमध्ये समितीची मीटिंग, तिला काठी घेऊन गेलं तरी चालतं. उलट काठीनं माणूस वजनदार दिसतो.

आताच मोठे सर्जन येऊन गेले. बरोबर शिकाऊ पोरं होती. सर्जननी मार्कर काढला आणि पायावर रेघ मारली. मी म्हटलं, डॉक्टर, रेघ चुकली. अंगठा खाली आहे.

कुणी हसलं नाही. रेघ गुडघ्याखाली चार बोटांवर होती.

मी त्यांना नीट समजावून सांगायला लागलो. की मी बॉर्डरवर आहे. की दुखत नाही, पहिल्यापासून दुखलं नाही. की आमच्या केंद्रात शुक्रवारी मॅडम असतात, येत्या शुक्रवारी एकदा ड्रेसिंग करून बघू, मागणी पाठवलेली आहे, गॉज आता आला असेल. दोन दिवसांनी तर शुक्रवारच आहे. ते ऐकत होते, पण माझ्याकडं नाही, सुलक्षणाकडं बघत होते.

ती म्हणाली, "आता तुमी गप ऱ्हावा. मला तुमी पायजे, पाय नगं." आणि सही केली. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिची सही मी पहिल्यांदा बघितली. अक्षर चांगलं आहे तिचं.

मला फार भीती वाटतेय.

१३ डिसेंबर. दुपार

दहा दिवस लिहिलं नाही.

आज जेवण झाल्यावर डावा अंगठा ठणकायला लागला. पहिल्यांदाच. थेट टोकाला, चिपाड घुसल्यासारखी कळ, मग आग. एवढं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं. मला आनंद झाला. सुलक्षणाला हलवून उठवलं, म्हटलं अंगठा दुखतोय, जरा दाबून दे.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग उठून कॉटच्या पायथ्याशी आली. चादर काढली नाही. गुडघ्याच्या खाली जिथं चादर सपाट होती तिथं गादीवर दोन्ही हात ठेवले आणि हळूहळू दाबायला लागली. शेजारच्या कॉटवरच्या माणसानं तोंड भिंतीकडं केलं.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, आता बरं वाटतंय का.

वाटत नव्हतं. हो म्हटलं.